उसवणारी कळ, शिवणारी कळ

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना कीबोर्ड आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या अंगावर चहाचे डाग आहेत. मागचा एक पाय तुटला म्हणून तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. आणि माझी ‘झेड’ कळ तर इतकी झिजली आहे की तिच्यावरचं इंग्रजी अक्षरही गेलं आणि अरबीही गेलं. पण कैरोत तंबूवाल्यांच्या गल्लीत जा आणि विचारा, उस्ता बयूमींच्या दुकानात सगळ्यात मोठा कारागीर कोण? आमच्याकडे हाताच्या कसबात मुरलेल्या उस्तादाला उस्ता म्हणतात; लोक उस्तांकडे बोट दाखवतील, त्यांच्या लेकीकडे दाखवतील. ते दोघे मात्र माझ्याकडे दाखवतात. मी काही लाजत नाही. जे आहे ते आहे.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते सांगता येणार नाही. आम्ही भावंडं एका पट्ट्यावरून सरकत गेलो आणि डोळे उघडले तेव्हा मी खोक्यात होतो. प्रत्येक कळीवर दोन अक्षरं, एक इंग्रजी, एक अरबी. शाळेचं तोंड न पाहता दोन भाषा तोंडपाठ. मग थोडा ताठा येणारच ना?

तो ताठा पहिल्याच नोकरीत उतरला. एका सरकारी कचेरीत एक साहेब मला एका बोटाने बडवत. टरबुजाच्या खारवलेल्या बिया खात आणि टरफलं माझ्या फटीत पाडत. काही चुकलं की ओळच्या ओळ पुसत जात, अगदी बरोबर असलेले शब्दसुद्धा. कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकदम दाबल्या की शेवटचं पाऊल मागे घेता येतं, हे त्यांना निवृत्तीपर्यंत कळलं नाही. माझ्या अंगात काय कला आहे ते न बघताच त्यांनी मला भंगारात काढलं. तेव्हा फार वाईट वाटलं, मित्रांनो. चुकलो म्हणून टाकलं असतं तर समजून घेतलं असतं.

शुक्रवारच्या जुन्या बाजारात एका चादरीवर मी उन्हात पडलो होतो. तिथे इन्साफ आली. उस्ता बयूमींची एकुलती एक लेक. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली होती. दुकानदार तिला माझी चमक दाखवत होता. तिने माझी तार एका जुन्या मशीनला जोडायला लावली, एक रेघ ओढली आणि पहिल्यांदा कंट्रोल-झेड दाबलं. रेघ गेली.

“हा चालेल,” ती म्हणाली.

“अहो ताई, बाकीच्या कळा तरी बघा,” दुकानदार म्हणाला.

“बाकीच्या नाही चालल्या तरी मी चालवून घेईन. ही नसेल तर माझं दुकान नाही चालायचं.”

बस. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

तंबूवाल्यांच्या गल्लीत काय काम चालतं, ते थोडक्यात सांगतो. रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि पाकळ्या कापायच्या, कडा आत दुमडायच्या आणि जाड कापडावर हाताने टाके घालून मोठमोठी नक्षी उभी करायची. लग्नाचा मांडव असो, कुणाची शोकसभा असो की रमजानमधल्या रात्रीच्या मेजवान्या असोत, हे कापड वर ताणलं की रस्त्याचा दिवाणखाना होतो. उस्ता बयूमी बापजाद्यांपासून हेच करत आले. ओट्यावर मांडी घालून बसायचे, मांडीवर कापड, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडात सुई. बोलायचं झालं तरी सुई काढत नसत.

नक्षी आखायची त्यांची रीत अशी. मोठ्या खाकी कागदाच्या घड्या घालायच्या, म्हणजे कागदाची एक निमुळती पाचर उरते. नक्षी त्या पाचरीवरच काढायची आणि रेघेवर सुईने भोकं पाडायची. कागद उलगडला की आठ पाचरींचं पूर्ण फूल. मग कापडावर ठेवून कोळशाची पूड चोळायची. इन्साफने हीच आखणी माझ्या मदतीने पडद्यावर करायचं ठरवलं, तेव्हा बाप आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही.

“काचेवर काढलेल्या फुलाला हात कसा लावायचा?” ते विचारायचे.

“बाबा, हात नका लावू. नुसतं बघा. चुकलं तर हे असं. कंट्रोल, झेड.”

रेघ गेली. उस्तांनी तोंडातली सुई काढली.

“उसवलं?”

“उसवलं. एकेक टाका मागे. आणि उगीच उसवलं असं वाटलं तर कंट्रोल आणि वाय. तोच टाका परत.”

“त्याच भोकातून?”

“त्याच भोकातून. आणि जे आत्ता केलं तेच पुन्हा करायचं असेल तर कंट्रोल आणि आर. तोच टाका पुढे.”

उस्तांनी सुई टोपीत खोचली. मग म्हणाले, “ही उसवायची कळ मला पंचवीस वर्षांपूर्वी दिली असतीस तर तुझ्या आईशी निम्मी भांडणं झाली नसती.”

“मी जन्मले नव्हते बाबा.”

“तेच तर. उशीर करायची सवय तुला पहिल्यापासून.”

झालं, म्हातारा माझ्या प्रेमात पडला. जेवण झालं की येऊन बसायचे, पडद्यावर गाढव काढायचे आणि उसवायचे. परत आणायचे. परत उसवायचे. इन्साफने त्यांना आणखी एक शिस्त लावली होती, काम झालं की जतन करायची कळ दाबायची. ते ती इमानेइतबारे दाबायचे. दुकानाच्या मशीनमध्ये किती गाढवं जतन झाली होती म्हणून सांगू.

पण हसण्याचे दिवस नव्हते ते. गल्लीत छापील कापड आलं होतं. आमचीच नक्षी, पण कारखान्यात छापलेली, थानाच्या थान. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि जवळ जायला कुणाला सवड नाही. उस्तांचा चुलतभाऊ अताउल्ला हेच कापड विकायचा आणि त्याचा डोळा आमच्या दुकानावर होता. रोज चहाचा पेला घेऊन दारात उभा राहायचा.

“दादा, अजून शिवतोयस? मला वाटलं झोप लागली.”

“तू आलास की लागते,” उस्ता म्हणायचे.

“चेष्टा पुरे. या रमजानला काम आलं नाही तर दुकान मला द्यायचं कबूल केलंयस. आठवतंय ना? इन्साफला मी काउंटरवर बसवीन. कापड मोजायला.”

हे कबूल केलेलं खरं होतं. मोठं काम मिळून बरीच वर्षं झाली होती आणि उस्ता थकले होते. कापड मोजायच्या गोष्टीने इन्साफच्या चेहऱ्यावर काय उमटायचं ते मीच बघायचो, कारण त्यानंतर तिची बोटं माझ्यावर जरा जोरात पडायची.

आणि मग शहीरा मॅडम आल्या. नाईलच्या काठी त्यांचं मोठं हॉटेल होतं. रमजानच्या रात्रींसाठी अंगणावर घालायला अख्खं छत हवं होतं, हाताने शिवलेलं. ते काम म्हणजे गल्लीतल्या निम्म्या कारागिरांना महिनोनमहिने भाकरी. त्यांनी अट एकच घातली. “गुरुवारी तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर येते. पूर्ण नक्षी डोळ्यांना दिसली पाहिजे. तुकडे दाखवून ‘बाकीचं असंच होईल’ म्हणालात तर मी छापील घेईन. माझ्याकडे कल्पना करायला वेळ नाही.”

इन्साफने ती नक्षी एका बैठकीत म्हणावी तशी काढली. मधे मशीन बंद केलंच नाही. बंद केलं की मागे जायची वाट पुसली जाते. कितीही मागे जाता यावं म्हणून तिने मशीनमधली मर्यादाही वाढवून ठेवली होती. कमळं, वेली, एकमेकींच्या वरून-खालून जाणाऱ्या पट्ट्या, कोपऱ्यांत सरूची झाडं. एकेक पाकळी हाताने बसवत गेली, बदलत गेली, मागे गेली, पुढे गेली. माझ्या कळा तापल्या होत्या. इतकं सुंदर काही माझ्यातून आजवर बाहेर पडलं नव्हतं आणि मी मनातल्या मनात त्या कचेरीतल्या साहेबांना म्हणालो, बघा आता.

गुरुवारी दुपारी नक्षी पूर्ण झाली. तिने ती जतन केली आणि मोठ्या कागदावर छापून देणाऱ्याचं यंत्र रिकामं आहे का ते बघायला ती गेली. “बाबा, बघत बसा हवं तर,” असं सांगून गेली. दुसरी प्रत तिने काढलेली नव्हती.

उस्ता येऊन बसले. भाकरीत घातलेले गरम तामिया वडे एका हातात. त्यांनी नक्षी मधून बाहेर बघितली, बाहेरून मधे बघितली. आणि त्यांचं बोट पडद्यावर थांबलं. अगदी मधल्या चांदणीपाशी, जिथून कामाला सुरुवात झाली होती तिथे, एक पट्टी दुसरीच्या खालून जायला हवी होती ती वरून गेली होती. वर, खाली, वर, खाली हा क्रम तिथे मोडला होता. लहानशी चूक. पण छताखाली आडवं पडून बघणाऱ्याचा डोळा पट्टीवरून चालतो आणि तिथेच अडखळतो.

आता सांगा मित्रांनो, जन्मभर सुई धरलेला माणूस काय करेल? सुरुवातीच्या टाक्यात चूक दिसली तर शेवटापासून उसवत चुकीपर्यंत येतो, ती सुधारतो आणि उसवलेले तुकडे पुन्हा जसेच्या तसे टाचत जातो. तुकडे कुठे पळून जातात? मांडीवरच असतात ना.

त्यांनी हात पुसले आणि कंट्रोल-झेड दाबलं. कोपऱ्यातला सरू गेला. परत दाबलं. वेलीचं टोक गेलं. ते दाबत राहिले, आणि प्रत्येक पाऊल जाताना मान डोलावत, तोंडाने पुटपुटत बघत राहिले. किनार गेली, कमळं गेली, शेवटी मधली चांदणी उरली. तिथे त्यांनी ती एक पट्टी खालून नेली. सुरेख नेली. मग लेकीची शिस्त आठवून जतन करायची कळ दाबली. आणि खुशीत, उसवलेलं परत आणायला कंट्रोल-वाय दाबलं.

काही आलं नाही.

परत दाबलं. परत. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी आधीच ओरडलो असतो. मागे जाऊन उभं राहिलात की पुढची वाट तुमच्यासाठी उघडी असते, पण तिथे एक नवी रेघ ओढली की ती वाट त्याच क्षणी संपते. यंत्राचा हा नियम आहे. उसवलेले तुकडे ते मांडीवर ठेवत नाही.

इन्साफ परत आली तेव्हा उस्ता माझ्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते.

“बाबा, नक्षी कुठेय?”

“उसवली. पट्टी चुकली होती. ती नीट केली. आता बाकीचं परत येत नाहीये.”

“जतन नाही ना केलंत?”

“केलं की. तूच सांगितलंस, काम झालं की दाबायची.”

तिने मला ओढून घेतलं. बाबांची रेघ उसवली आणि वाय दाबलं, पुढचं काही येतंय का बघायला. ती एकच रेघ तेवढी मोठ्या इमानाने परत आली. त्यामागे काहीच नव्हतं. ती रडली नाही, पण रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दारात चहाचा पेला वाजला. “काय गं, पडदा कोरा?” अताउल्ला म्हणाला. “बरंय. कापड मोजायला कोरी पाटीच लागते.”

“काका, चहा निवतोय. प्या आणि जा.”

“तुझ्या भल्याचं बोलतोय. मॅडमना निरोप धाडू का, येऊ नका म्हणून?”

“धाडू नकोस,” उस्ता म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “इन्साफ, बस. माउस धर.”

“बाबा, मला सगळं नाही आठवत. कितीतरी वेळा बदललं मी ते. शेवटी काय ठेवलं तेच लक्षात नाही.”

“तुला नाही. मला आहे. तू ते शिवताना मी बघितलं नाही, पण उसवताना प्रत्येक टाका बघितलाय. जे सगळ्यात शेवटी गेलं ते सगळ्यात आधी घालायचं. चांदणीच्या टोकाला लागून आधी निळा थेंब होता. घाल.”

तिने घातला.

“इतका मोठा नाही. नखाएवढा. हां. त्याच्यावर कमळ, मिटलेलं, तोंड बाहेर.”

“कमळ तर मी उमललेलं ठेवलं होतं.”

“आधी उमललेलं होतं, मग तू मिटवलंस. मी उसवलं तेव्हा मिटलेलं आधी गेलं आणि त्याच्या जागी उमललेलं उगवलं. मिटलेलंच घाल.”

इन्साफने मान वळवून बापाकडे बघितलं. मग हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. “बाबा, तुम्ही तर वाय कळ आहात.”

“ते काय असेल ते. पुढे वेल.”

मित्रांनो, मी कितीतरी बोटं अंगावर घेतली आहेत, पण तसली दुपार परत आली नाही. तो सांगत होता, ती काढत होती. कुठे अडलं तर ती झेड दाबायची आणि तो म्हणायचा, नाही नाही, बरोबर होतं, आण परत, आणि ती वाय दाबायची. मी जीव तोडून साथ दिली. माझी एकही कळ अडकली नाही. बियांची टरफलं पोटात असलेल्या गृहस्थाकडून आणखी काय हवं?

पण वेळ संपत होता. मशिदीतून तिसऱ्या प्रहराची बांग झाली तेव्हा नक्षीची एकच पाचर तयार होती. बाकी सगळा पडदा मोकळा.

“संपलं,” इन्साफ म्हणाली. “आता सात पाचरी कशा काढू? एकेक पाकळी हाताने बसवायला मला किती वेळ लागला होता.”

“हाताने का बसवलीस?” उस्तांनी विचारलं, अगदी मनापासून. “कागदाला घडी घातली की मी एकच काढतो. तुझ्या काचेला घडी नाही घालता येत?”

तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. पहिल्यांदा काढताना ती सारखं बदलत होती, म्हणून एकेक पाकळी हाताने बसवत गेली होती. आता तर काहीच बदलायचं नव्हतं. तिने पूर्ण पाचर निवडली, चांदणीच्या मध्यावर खिळा ठोकल्यासारखी धरली, तिची एक प्रत काढून एक पाचरभर फिरवली. शेजारी दुसरी पाचर उमटली. आणि मग तिने माझ्या कंट्रोलवर एक बोट ठेवलं आणि आर दाबली.

तोच टाका पुढे. तिसरी पाचर. परत आर. चौथी. दाब, आणि उमट. दाब, आणि उमट. शेवटची पाचर येऊन पहिलीला भिडली आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींत मिळाल्या. वर, खाली, वर, खाली, कुठेही खंड नाही. म्हातारा पडद्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. कागद उलगडताना जन्मभर त्यांना जो आनंद झाला तोच झाला असणार. मी तर तेव्हाच स्वतःला उस्ता समजायला लागलो.

तेवढ्यात शहीरा मॅडम आत आल्या. कागदावर छापायला वेळ मिळालाच नव्हता. त्या पडद्यासमोर बसल्या, चष्मा लावला आणि बोट एका पट्टीवर ठेवून चालवत नेलं. चांदणीपासून किनारीपर्यंत, तिथून वळून परत चांदणीपर्यंत. बोट कुठे अडखळलं नाही.

“मी तीन दुकानं बघून आले,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे ही पट्टी मधेच कुठेतरी तुटते. तुमची तुटत नाही.”

उस्तांनी लेकीकडे बघितलं आणि लगेच छताकडे.

“पण हा निळा जरा थंड वाटतो,” मॅडम म्हणाल्या.

इन्साफने निळा लाल केला.

“नको, नको. आधीचाच बरा होता.”

झेड.

“का कोण जाणे, लालही वाईट नव्हता.”

वाय.

“अहो, तुम्हाला राग नाही येत?”

“मॅडम, इथे उसवायला पैसे पडत नाहीत,” उस्ता म्हणाले. “कापडावर आल्यावर मात्र मी ऐकणार नाही.”

मॅडम खळखळून हसल्या. निळाच ठरला. काम आम्हाला मिळालं. दारात अताउल्लाचा चहा पार निवला होता. त्याने तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाला, “दादा, शिवायला माणसं कमी पडली तर सांग. माझी सुई अजून चालते.” त्याला घेतलंही. हात चांगला आहे मेल्याचा.

रमजानच्या पहिल्या रात्री ते छत अंगणावर ताणलं गेलं. खाली दिव्यांच्या उजेडात लोक जेवत होते आणि माना वर करून बघत होते. हे मला इन्साफने फोनमधल्या चित्रात दाखवलं. एका कीबोर्डला कोण चित्र दाखवतं? तिने दाखवलं. त्यानंतर आमच्याकडे कामं येत गेली ती आजतागायत थांबली नाहीत. दुकान आमचंच राहिलं.

आता मशीन नवं आहे. नवा, पातळ, चकचकीत कीबोर्डही आणला होता. दोन दिवस वापरला आणि इन्साफने तो अताउल्ला काकांना देऊन टाकला. माझ्या फटी ती ब्रशने स्वतः साफ करते. तुम्हीही तुमच्या कीबोर्डवर खाऊ नका एवढंच सांगणं आहे. आणि मागे जायला घाबरू नका, मित्रांनो. चुकलात तर खुशाल मागे जा, चूक दिसेल तिथवर जा. फक्त मागे उभे असताना नवी रेघ ओढण्याआधी पुढच्या कामाची एक प्रत वेगळी ठेवा. आणि ठेवायची विसरलात, सगळं गेलं, तर शेजारी बसून बघणाऱ्या माणसावर चिडू नका. त्याने काय काय बघितलंय ते आधी विचारा.

आज सकाळी एक गिऱ्हाईक दुकानात आलं. ओट्यावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा मांडीवर कापड घेऊन बसलेला. त्याने अदबीने विचारलं, “उस्ता आपणच का?”

बयूमींनी तोंडातली सुई काढली. “मी शिवतो,” ते म्हणाले आणि आतल्या दाराकडे हनुवटीने खूण केली, जिथे इन्साफ माझ्यावर बोटं ठेवून बसली होती. “उस्ता आत आहेत. जोडे इथेच काढा.”